गाळून टाकलेलं

अहो, तिकडं कुठं? त्या कपाटामागं काही नाही — तुमचा तो इंटरनेटचा डबा इथं आहे ना, टीव्हीच्या वर, लाल दिवा लागलाय तो, त्यात बघा काय बघायचं ते. कपाट हलवायचं नाही. जड आहे, आणि वर माझे गणवेश घड्या घालून ठेवलेत, शाळेचे, उद्या द्यायचेत — एक जरी खाली पडला तरी परत इस्त्री करायला तुम्ही येणार आहात का? नाही ना? मग. काय म्हणालात? या बाजूनं बोला, डाव्या कानानं मला ऐकू येत नाही. हं, आता बोला. लाइन तिथूनच येते? येते ना, ठाऊक आहे मला कुठून येते, माझ्याच घरात येते. पण आधी डबा बघा. रीतसर बघा. एरवी तुम्हाला फोन करून करून बोटं झिजतात, 'माणूस निघालाय, माणूस निघालाय' — तो माणूस चार-चार दिवस निघतच असतो — आणि आज बघा, आज दुपारच्याला दारात हजर! आजच बरं तुम्हाला कर्तव्य आठवलं.

घाई? मला कसली घाई? तक्रार ह्यांनी केली, घाई त्यांना. तोंडी परीक्षा आहे त्यांची आज तीन वाजता. हो, परीक्षा. हसायला काय झालं? सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, औषधाच्या दुकानात काउंटरला उभा राहतो, गुडघे दुखतात म्हणून रात्री माझ्याकडून तेल लावून घेतो — आणि घरबसल्या मास्टर्स करतो. बायोइन्फॉर्मॅटिक्स. म्हणा बघू एकदा. जमलं? मला सहा महिने लागले म्हणायला. माणसाचं रक्त घ्यायचं, त्यातून अक्षरं निघतात म्हणे, कोट्यवधी, ती कॉम्प्युटरला घालायची आणि कुठं काय चुकलंय ते हुडकत बसायचं. गवताच्या गंजीत सुई, आणि सुई आहे की नाही ह्याचाही पत्ता नाही. तीन वर्षं चाललंय. कॉलेज कुठं आहे ते ह्यांनी बघितलेलं नाही, मास्तर कसे दिसतात विचारलं तर मानेपर्यंत सांगतील, खाली पाय आहेत का खुर्ची, देव जाणे. तीन वाजता लाइनवर यायचं होतं, आता झाले तीन-दहा. साडेतीनपर्यंत वाट बघतात, मग गैरहजर. नियमच आहे त्यांचा. म्हणून म्हणते, सावकाश करा. पाणी देऊ? चहा टाकते. नाही कसं, घ्यायलाच लागेल, उन्हाचे आलात.

ते? ते गेले बाराला लॅपटॉप काखेत मारून. तुमच्या ऑफिसात भांडायला गेले असतील, दुसरं कुठं जाणार. भांडता येत नाही त्यांना, तो भाग निराळा. उभे राहतील कोपऱ्यात, 'जरा बघता का' म्हणतील. असलाच माणूस आहे. तुम्ही कितीही बोला, पालथ्या घड्यावर पाणी. मी एवढी बोलते, एवढी बोलते — समोरचा कुणी असता तर ताट भिरकावलं असतं. हे जेवत राहतात. आमटी वाढ म्हणतात. त्यानं डोकं आणखी फिरतं माझं, तुम्हीच सांगा, भांडण एका हातानं होतं का?

अहो, परत कपाट! सांगितलं ना एकदा. उंदीर आहेत तिकडं. हो, उंदीर झालेत मागं, त्यांनी कुरतडली असेल वायर. मी काय वाकून बघायला गेले? असेल म्हटलं, 'असेल'. आमच्या खालच्याच मजल्यावर परवा एवढा मोठा निघाला. बसा आधी. चहा उकळतोय.

तुम्हाला वाटेल, बाई मुलखाची खडूस आहे, नवरा शिकतोय तर हिच्या पोटात दुखतंय. दुखतंच! का नाही दुखणार? दोन खोल्यांचं घर. एका खोलीत माझं मशीन, कापड, चिंगीची खुर्ची. दुसऱ्या खोलीत ह्यांचं विद्यापीठ. परीक्षा असली की दार बंद, आत दुसऱ्या कुणी जायचं नाही, कॅमेऱ्यात दिसलं की पेपर बाद. कॅमेरा चारी भिंतींवरून फिरवून दाखवायचा, पलंगाखाली कुणी लपलं नाही ना बघतात. मी माझ्याच पलंगाखाली लपून ह्यांना उत्तरं सांगणार! बरं, एकदा काय झालं, आत पेपर चाललेला आणि चिंगी — आमची मुलगी हो, आत आहे ती, झोपलीय, हळू बोला — चिंगी न्हाणीत पडली. तिला उठता येत नाही आपलं आपण. मी ओरडले. ओरडणारच, माझ्या एकटीनं उचलत नाही आता, अकरा वर्षांची झाली. तर हा माणूस उठला. भर पेपरात, कॅमेऱ्यासमोरनं उठून आला, तिला उचललं, पाय पुसले, परत जाऊन बसला — पेपर बंद. खुर्ची सोडली म्हणून शून्य. म्हणजे परत तो विषय, परत सहा महिने माझ्या उरावर! मी म्हटलं, मी होते ना, ओरडले म्हणून काय लगेच उठायचं? तर म्हणाले, ती पडली होती ना. संपलं. ह्यावर काय बोलायचं, तुम्ही सांगा.

आणि तो लॅपटॉप! रात्रंदिवस चालू, भणभण भणभण पंखा त्याचा. ह्यांचा कसला तो प्रोग्राम चालायचा चार-चार दिवस, एकाच दमात. मी बाई एकदा झाकण लावून ठेवलं. धूळ जाते म्हणून. वीज जळते म्हणून. रागानं पण असेल थोडं. तिसरा दिवस होता म्हणे, सगळं गेलं, पुन्हा पहिल्यापासून. कुणीतरी मेल्यासारखं बघत उभे राहिले त्या झाकणाकडं. मला काय ठाऊक? शिवणयंत्र थांबवलं तर कपडा उसवतो का? पण बोलले काही? नाही. झाकणावर चिठ्ठी चिकटवली, 'कृपया उघडं ठेवा'. कृपया! स्वतःच्या बायकोला कृपया!

साखर बरोबर आहे का? मी घेत नाही, मला बंद केलीय. घ्या तुम्ही.

चिंगीसाठीच चाललंय हे सगळं, ते मलाही कळतं, मी काही दगड नाही. चांगली धावायची हो. पाचव्या-सहाव्या वर्षी जिन्यात बसायला लागली. दोन पायऱ्या चढली की बसायची. आम्ही म्हणायचो, नाटकी आहे, उचलून घ्यायला पाहिजे बाईसाहेबांना. मग एक दिवस खिडकीपर्यंत जायला भिंत धरली तिनं. तिथनं डॉक्टर सुरू झाले. हा डॉक्टर, तो डॉक्टर — हातापायातली ताकद कमी होतेय एवढं सगळे सांगतात, ते तर मलाही दिसतं, त्याला पैसे कशाला द्यायचे? कशानं होतेय ते सांगा ना! कुणी सांगेना. मग ह्यांनी घेतलं डोक्यात, मीच शोधतो. बुडत्याला काडीचा आधार, पण काडी केवढी, तर तीन वर्षांचं मास्टर्स! आणि त्या तीन वर्षांत पोरगी खुर्चीवर आली. तिच्याबरोबर पत्ते खेळायचं सोडून हा माणूस तिची अक्षरं वाचत बसलाय. पोरगी भिंतीच्या अलीकडं आणि बाप पलीकडं. आणि आज तिचं काय करणार होते माहितीय? 'रुग्ण एक' म्हणून चार अनोळखी लोकांना पडद्यावर दाखवणार होते. रुग्ण एक! बारशाला नाव ठेवलं ते काय झालं मग? पोटची पोरगी आहे, परीक्षेचा विषय आहे का? कुठल्या आईला चालेल? म्हणून म्हटलं, होऊ दे गैरहजर. एकदाचं.

मी केलं असं कुठं म्हणाले मी? उंदीर म्हणाले.

बघा, बघा तुम्ही, सरकवा कपाट, तुमचं समाधान होऊ द्या. वरचे गणवेश इकडं द्या आधी. वाजले किती — तीन-वीस. हं. दिसलं? तुटलीय ना? मग सांगत काय होते. ... असं काय बघताय माझ्याकडं? उंदराचे दात असे सरळ नसतात? तुम्ही काय दातांचे डॉक्टर आहात? वायर जोडायला आलात, वायर जोडा. कातर कशाला, तुमच्याकडं हत्यारं नाहीत? विसरलात? धन्य आहे. थांबा, ही घ्या, ही लहान. ती मोठी नको — तिची धार गेलीय. कापडाची कातर, कापडाशिवाय दुसऱ्याला लावायचीच नसते, एकदा वायरीला लावली की संपली, सकाळपासून साधी कॉलर कापता आली नाही मला —

...

बरं. कळलं तुम्हाला. कळू दे. सांगा जाऊन तुमच्या ऑफिसात, कातरीनं कापली, ग्राहकानं कापली, दंड लावा. आंघोळीला गेले होते ते तेवढ्यात कापली. माझी वायर, माझी कातर. तुमच्या पोटात का दुखतंय?

का म्हणजे? सांगितलं ना आत्ता, रुग्ण एक. ते कारण नाही? मग काय कारण आहे, तुम्हीच सांगा, तुम्ही फार शहाणे. ... बोलू नका, जोडत राहा. नको, जोडू नका अजून. पाच मिनिटं थांबा.

एक सांगते. आमच्या ह्यांचे चुलते होते एक, पाय ओढत चालायचे. लहानपणीचं काहीतरी झालं होतं त्यांना, ताप का काय. पण पाय ओढायचे की नाही? ओढायचे. मग चिंगीनं भिंत धरली तेव्हा मी काय म्हणणार? कुणीही तेच म्हटलं असतं. तुमच्या घराण्यातलं आलंय, म्हटलं, तुमच्या रक्तातलं. एकदा नाही म्हटलं, उठता-बसता म्हटलं. आमटी खारट झाली तरी म्हटलं असेल. सासूबाईंच्या तोंडावर म्हटलं, चिंगीला आंघोळ घालून दमले की यायचंच तोंडात — तुमचं देणं आहे हे, फेडतेय मी. त्या बिचाऱ्या पदर लावायच्या डोळ्यांना. देवापुढं बसून नातीची माफी मागायच्या. गेल्या त्या तेच मनात घेऊन. ... गेल्या. आता त्याला मी काय करू? डॉक्टरांनी तरी कुठं सांगितलं होतं, बाई गप्प बस म्हणून?

आणि ह्यांनी ते खरं धरलं! हेच तर मला — अहो, बायको रागात शंभर गोष्टी बोलते, शिकलेल्या माणसानं खरं धरायचं असतं का? दोन वर्षं, दोन वर्षं हे आपल्याच बापाच्या, आपल्याच आज्याच्या बाजूनं हुडकत बसले. त्यांच्याबरोबर शिकणारी एक मुलगी आहे, तिला फोनवर सांगत होते परवा, मी ऐकलं — हा उजवा कान शाबूत आहे माझा. ती अक्षरं आली ना, की पहिल्या पायरीला गाळायची असतात, आपण डाळीतले खडे काढतो तशी, कामाचं ठेवायचं, बाकीचं टाकायचं. तर ह्यांच्या प्रोग्रामात पहिल्याच ओळीला काय टाकलं जायचं, तर त्या भट्ट्या. आपल्या अंगात कणाकणात बारक्या भट्ट्या असतात म्हणे, ताकद तयार करणाऱ्या, त्यांची अक्षरं वेगळी असतात, चिमूटभर. शिकाऊ लोक पुष्कळ जण टाकतात म्हणे ती, कचरा म्हणून. ह्यांनी पण टाकली. दर वेळेला, आधी ती फेकायची आणि मग चार दिवस उरलेल्यात शोधायचं! काखेत कळसा आणि गावाला वळसा. ती मुलगी म्हणाली, सर, तुम्हाला एकदाही वाटलं नाही का, तिथं बघावं? तर हे म्हणाले — हसत म्हणाले हो — मला वाटलं, माझ्याकडूनच आलंय. मग मी तिथं कशाला बघू? तिथं बापाचं काही नसतंच.

मी सांगितलं होतं का टाकून द्या म्हणून? सांगा ना! माझ्यावर कशाला?

हो, नसतंच बापाचं. त्यांनीच सांगितलं होतं मला, पहिल्या वर्षी, जेवताना, नवं नवं शिकत होते तेव्हा अगदी पोरासारखे सांगायचे सगळं — ती भट्टी मुलाला आईकडूनच मिळते, बाप त्यात कोरडा. मी म्हटलं, कोरडाच असतो बाप, त्यात नवल काय. हसलो होतो दोघं. म्हणून काल कळलं मला. काल दार लावून पाठ करत होते आजचं भाषण, इंग्रजीत, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. बाकी काही कळलं नाही मला, पण 'मदर' कळायला काय मास्टर्स लागतं का? मदर, मदर, ओन्ली मदर. हातातली सुई बोटात गेली माझ्या. माझी आई पस्तिशीत ठार बहिरी झाली. साखरेनं गेली, शेवटी शेवटी चमचा उचलवत नव्हता तिला. आम्ही म्हणायचो म्हातारपण. कसलं म्हातारपण, पन्नाशी पण गाठली नव्हती. आणि हा माझा कान, आणि ही माझी साखर. आठ महिन्यांमागं आमचं दोघांचं रक्त मागितलं डॉक्टरांनी, मी तोऱ्यात हात पुढं केला. म्हटलं, घ्या, निघू दे एकदा कुणाचं आहे ते.

त्या रक्तातच निघालं असणार. म्हणजे आठ महिने माहितीय ह्यांना. आठ महिने मी बोलतेय, तुमचं घराणं, तुमचं रक्त — आणि हा माणूस आमटी वाढ म्हणतोय! एकदा तोंडावर फेकायचं होतं ना, 'तुझं आहे, तुझं'! मी भांडले असते, रडले असते, झालं असतं. नाही. मला नाही सांगायचं, आणि आज चार परक्या लोकांसमोर पडद्यावर मांडायचं. म्हणून कापली. कळलं? म्हणून. ... साडेतीन झाले. झाले बघा. जोडा आता खुशाल. गैरहजर.

फोन... थांबा, त्यांचाच आहे. हॅलो. — हं, आलाय माणूस, जोडतोय. कुठं आहात? — दुकानात? मागच्या खोलीत? म्हणजे — दिलीत? तिथून दिलीत परीक्षा? — मालकांनी लाइन दिली. हं. — मग? झालात ना पास? — अपुरं? अपुरं म्हणजे काय? — कुणाकडून आलं ते विचारलं, बरं, मग? — का? का नाही सांगितलंत? — ते पान काढून टाकलं? सगळं? कधी? — सकाळी. — सकाळी म्हणजे... कपाटामागं बघितलंत तुम्ही. बघितलंत ना? आणि कपाट परत लावून ठेवलंत? — अहो, चिंगीचं कार्टून गेलं खड्ड्यात! तक्रार तेवढ्यासाठी केलीत? — पुढच्या सत्रात परत. परत सगळं. — आवाज? कुठं चढलाय माझा आवाज? चढू दे! सांगायचं ना त्यांना! कुणी मागितलं होतं तुमच्याकडं पान काढायला? माझ्याकडून आलंय म्हणून सांगायचं! माझ्याकडून, माझ्या आईकडून आलंय पोरीत, तुमचं काही नाही त्यात, तुमच्या आईचं काही नव्हतं, माझ्याकडून आलंय —

...

काय गं? जागी आहेस तू? — कधीपासून?

— काही नाही, बाबांचा फोन आहे. — माझ्याकडून काय... येते. येते गं आत, सांगते.

दिवा हिरवा लागला का? लागू दे. सही-बिही काही नाही, नंतर या. तो कप राहू दे तिथंच. निघा तुम्ही आता, आणि जाताना दार ओढून घ्या.